तुझा लोक कुठला, तुझे लोक कोण?

हा आजच्या एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे ना' गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. 'ताई, आमच्या नव्या कॅम्पेनमध्ये पाच प्लेअर आहेत आणि पाचही जणांना काहीतरी विचित्र व्हायचंय. एकाला पंख हवेत, एकाला मेलेला माणूस व्हायचंय, एकीला यंत्र. माणूस व्हायला कुणी तयारच नाही. डीएमने काय करायचं?'

तर आज त्यावर बोलू. विचित्र रेसची कॅरॅक्टर्स, आणि तीही अशा कॅम्पेनमध्ये जिथे एका जगातून दुसऱ्या जगात ये-जा चालते. इंग्रजीत ज्याला प्लेनर कॅम्पेन म्हणतात ते.

जे पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी दोन वाक्यांत: डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा १९७४ साली आलेला खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक कॅरॅक्टर असतं, डीएम गोष्ट सांगतो आणि जिथे 'होईल की नाही' असा प्रश्न येतो तिथे फासा टाकतात. बस, एवढंच. आम्ही नेरूळला बसतो, दर दुसऱ्या रविवारी, आणि चहा तीन वेळा होतो.

आता मुद्द्याकडे.

विचित्र रेसची तक्रार नवी नाही. आज 'बाल्डर्स गेट ३' खेळलेल्या कुणालाही टीफलिंग माहीत आहे. शिंगं, शेपूट, कार्लाक. पण टीफलिंग मुळात आले १९९४ साली, 'प्लेनस्केप' नावाच्या सेटिंगमधून. झेब कुकने ते लिहिलं, टोनी डिटर्लिझीने चित्रं काढली. त्यात सिजिल नावाचं शहर आहे. एका अनंत उंच सुळक्याच्या टोकावर तरंगणारं, कड्यासारखं गोल शहर, आणि त्याची वस्ती कड्याच्या आतल्या बाजूला. त्या शहरात कुठलीही चौकट, कुठलीही कमान दुसऱ्या जगाचं दार असू शकते, फक्त त्या दाराची किल्ली तुमच्याकडे हवी. आणि किल्ली म्हणजे लोखंडाचीच असं नाही. एखादी वस्तू, एखादा शब्द, एखादी खूण, काहीही चालतं.

त्या सेटमध्ये खेळायला तीन नव्या जमाती दिल्या होत्या: टीफलिंग, गिथझेराय आणि बॅरिऑर. बॅरिऑर म्हणजे कमरेच्या वर माणूस आणि खाली मेंढा. तेव्हा हे तिन्ही विचित्र होते. २००८च्या चौथ्या आवृत्तीत टीफलिंग थेट मुख्य पुस्तकात आले, आणि नोम आणि हाफ-ओर्क त्या पहिल्या पुस्तकातून बाहेर राहिले. म्हणजे चौदा वर्षांत काल दाराबाहेरचा तो घरातला झाला, आणि घरातले दोघे व्हरांड्यात. विचित्र कोण, हे कायमचं ठरलेलं नसतं. कोण आधी आला आणि पुस्तक कुणाच्या हातात आहे, यावर ते ठरतं.

आता एक शब्दाची गोष्ट. 'रेस'ला मराठीत काय म्हणायचं? मराठीत खेळणाऱ्या प्रत्येक टेबलावर हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. 'वंश' म्हटलं की शाळेचं इतिहासाचं पुस्तक आठवतं. 'जमात' जरा बरं. 'योनी' म्हणून बघा, चौऱ्याऐंशी लक्ष योनी वगैरे. पुढची दहा मिनिटं कुणी खेळणार नाही, नुसतं हसणार. आणि 'जात'? कॅरॅक्टर शीटवर सगळ्यात वर 'नाव', आणि त्याखाली 'जात'. तो कागद कुठल्या फॉर्मसारखा दिसायला लागतो, ते तुम्हाला माहीत आहे.

इंग्रजीतसुद्धा हे अडलंच. २०२४च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये 'रेस' शब्द काढला, आता 'स्पीशीज' आहे. आधी नियम असा होता की तू अमुक जमातीत जन्मलास म्हणून तुझी ताकद दोनने जास्त, तमुक जमातीत जन्मलास म्हणून बुद्धी. २०२० साली 'टाशाज कॉल्ड्रन' पुस्तकाने ते आकडे हलवायची मुभा दिली. २०२४मध्ये ते जन्मावरून काढून बॅकग्राउंडवर नेले, म्हणजे तू आयुष्यात काय केलंस त्यावर. काही जुने खेळाडू नाराज झाले. मला विचाराल तर महाराष्ट्रात वाढलेल्या पोरांना हा बदल समजवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आम्ही शेवटी एक शब्द घेतला, आणि तो मला अजून आवडतो: 'लोक'. मराठीत 'लोक' म्हणजे माणसं. आणि 'लोक' म्हणजे जगसुद्धा. भूलोक, परलोक, नागलोक. एकाच शब्दात प्लेनही आलं आणि पीपलही आलं. त्यामुळे आमच्या शीटवर दोन रकाने आहेत: 'तुझा लोक कुठला?' आणि 'तुझे लोक कोण?'

दोन्हींची उत्तरं एकच असतीलच असं नाही. तिथूनच गोष्ट सुरू होते.

आता प्लेनर कॅम्पेन म्हटलं की बरेच जण थेट इंग्रजी पुस्तकाचं चक्र उचलतात. सोळा बाह्य जगं आणि मधलं एक. छानच आहे ते. पण आपल्याकडे चौदा लोक तयार आहेत की! वर सात: भू, भुवः, स्वः, महः, जनः, तपः, सत्य. खाली सात: अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताळ. भागवताच्या पाचव्या स्कंधात खालच्या सातांचं वर्णन वाचा, अक्षरशः सेटिंग बुक आहे. सुतलात बळीराजा राहतो आणि त्याच्या दारावर खुद्द वामन पहारा देतो. तलातलात मयासुर, सगळ्यात मोठा आर्किटेक्ट. महातलात कद्रूची मुलं, म्हणजे अनेक फण्यांचे नाग. आणि गंमत म्हणजे हे नरक नाहीत. विष्णुपुराणात नारद पाताळ बघून येतो आणि वर जाऊन सांगतो की स्वर्गापेक्षा तिथे जास्त छान आहे. कल्पना करा, इंद्राच्या सभेत हे वाक्य!

आणि दिवाळीत 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतो तेव्हा आपण कुणाला बोलावतो? एका असुर राजाला. खालच्या लोकातल्याला. आपल्या घरातच हे सगळं मिसळलेलं आहे.

आता दुसरी बाजू बघा. डी अँड डीच्या १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही 'राक्षस' आहे. वाघाचं डोकं, अंगावर भारी कपडे, पक्का दुष्ट. चित्र मस्त आहे. पण आपण ज्या गोष्टी ऐकत वाढलो, त्यात राक्षस हे लोक आहेत. त्यांची घरं आहेत, भांडणं आहेत, सुना आहेत. हिडिंबा आहे, बिभीषण आहे. आणि घटोत्कच! हाफ-ओर्क कशाला शोधता, आपल्याकडे भीमाचा पोरगा आहे. अर्धा माणूस, अर्धा राक्षस. तो मदतीला येतो, लढतो, आणि कर्णाकडे अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर खर्च होते. तो मरतो आणि पांडवांच्या गोटात कृष्ण आनंदतो, कारण अर्जुन वाचला. मिश्र रक्ताच्या कॅरॅक्टरचं यापेक्षा टोकदार बॅकग्राउंड मला माहीत नाही. घरचा म्हणून बोलवायचं, आणि खर्च करायची वेळ आली की परका.

तर आता प्रश्न: विचित्र रेसला परवानगी द्यायची का?

माझं उत्तर: द्या. पण प्लेनर कॅम्पेनमध्ये एक नियम आधी सगळ्यांना वाचून दाखवा. 'बॅनिशमेंट' नावाचा मंत्र. चौथ्या लेव्हलचा. आम्ही २०१४चे नियम वापरतो, त्यात तो असा आहे: समोरचा जर या जगाचा मूळ रहिवासी असेल, तर तो थोडा वेळ एका निरुपद्रवी पोकळीत जातो आणि मंत्र संपला की परत येतो. पण तो जर दुसऱ्या जगाचा असेल, तर 'पॉप' असा बारीक आवाज होतो आणि तो आपल्या मूळ जगात जाऊन पडतो. मंत्र टाकणाऱ्याने पूर्ण मिनिटभर लक्ष ढळू दिलं नाही, तर परत येत नाही. तिकडेच.

(२०२४मध्ये हा मंत्र बदललाय, आता कायमचं जाणं काही ठरावीक प्रकारच्या जीवांनाच लागू होतं. आम्ही मुद्दाम जुना ठेवलाय.)

बघा याचा अर्थ काय होतो. साध्या कॅम्पेनमध्ये माणूस नेहमी स्थानिक असतो, आणि पाताळातून आलेला तो परका. पण तुम्ही सगळे मिळून सुतलात गेलात की परका कोण? तुमचा तो साधा, सरळ, चकचकीत चिलखतातला माणूस पॅलाडिन! त्याच्यावर मंत्र पडला की पॉप, थेट भूलोकात. माणूस म्हणजे 'नॉर्मल' ही समजूत पहिल्या दाराशीच गळून पडते.

आपल्याकडे अनोळखी माणसाला नावानंतरचा पहिला प्रश्न असतो, 'गाव कुठलं?' नवी मुंबईत तर हमखास. जन्म वाशीतला, शाळा वाशीतली, तरी उत्तर सातारा, नाहीतर संगमेश्वर, नाहीतर गोरखपूर. बॅनिशमेंट हा तोच प्रश्न आहे, फक्त इथे उत्तर मिळाल्यावर तुम्हाला खरंच तिकडे पाठवून देतात.

आता आमचं टेबल सांगते. आमचं मधलं शहर, आमचं सिजिल, खाडीवर भर घालून वसवलेलं आहे. सेक्टर पाडलेले, रस्ते सरळ, आणि दारं सगळी स्टेशनखालच्या कमानींमध्ये. वाशी किंवा बेलापूर स्टेशनखालून कधी चालला असाल तर तुम्हाला ते डोळ्यांसमोर आणायला काही कष्ट नाहीत. चौदा लोकांतून माणसं, नाग, दानव, कोण कोण तिथे कामाला येतं आणि राहून जातं.

चार कॅरॅक्टर्स आहेत.

पहिला वेताळ. लोकांना वाटतं वेताळ म्हणजे झाडाला लटकलेलं प्रेत. पण सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे, ग्रामदैवत. लोक त्याला चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. आमच्या प्लेअरने तेच घेतलं: राखण करणारा, पण ज्याचं गाव उठून गेलंय असा. नियमांसाठी नवं काही बनवलं नाही. २०२१च्या 'व्हॅन रिख्टन्स गाइड'मधलं 'रिबॉर्न' घेतलं. खाणं नको, श्वास नको, झोप नको. आणि मागच्या जन्मातलं काहीतरी आठवून स्किलच्या फाशात एक डी-सिक्स वाढवता येतो. वेताळाला याहून नेमकं काय हवं? पंचवीस गोष्टी माहीत असलेला प्राणी आहे तो.

दुसरी नागकन्या, महातलातली. तिला २०२२च्या 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स'मधल्या युआन-टीचे नियम लावले. मंत्रांविरुद्धच्या सेव्हला ॲडव्हान्टेज. म्हणजे तिला हाकलून देणं जरा अवघड.

तिसरा माणूस. पॅलाडिन. हो, एकाने हट्टाने माणूस घेतला!

चौथी आसरा. साती आसरा तुम्ही पाहिल्या असतील, विहिरीपाशी, नदीकाठी, शेंदूर लावलेले सात दगड. पाण्यातल्या देवता. आमची ती सातातली एक, एकटी राहिलेली. नियम वॉटर जेनासीचे: पाण्यात श्वास, पोहण्याचा वेग.

शहरात सगळ्यात विचित्र कोण दिसतं? आसरा. सतत ओली, पायांचे ठसे पाण्याचे. दुकानदार तिला आत घेत नाहीत, फरशी खराब होते म्हणून. सहा सेशन असेच गेले. मग एका भांडणात शत्रूने एकामागून एक बॅनिशमेंट टाकायला सुरुवात केली. पॅलाडिन गेला. पॉप. पुढच्या फेरीत त्याच्या जागी वेताळ गेला. पॉप. मग आसरेवर टाकला. तिने सेव्ह हुकवला. सगळे गप्प. आणि मी नियम वाचला: मूळ रहिवासी असेल तर पोकळीत जाते आणि परत येते.

ती परत आली. कारण ती इथलीच आहे. शहर वसायच्या आधी इथे खाडी होती, आणि खाडीत ती होती. बाकी सगळं शहर बाहेरून आलेलं.

टेबलावरच्या एकाने मान वर करून फक्त एवढंच विचारलं, 'सिडको?' आणि आम्ही सगळे हसलो, पण नंतर बराच वेळ तेच बोलत बसलो. सिडको १९७० साली स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. आगरी, कोळी, शेती, मिठागरं, मासेमारी. दिवाळे, सारसोळे, करावे ही गावं आजही सेक्टरांच्या मधोमध आहेत, आणि बाहेरून आलेले आपण त्यांना 'गावठाण' म्हणतो, जणू तेच कुठून तरी येऊन आपल्या शहरात घुसलेत. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. मी हा धडा द्यायला कॅम्पेन रचलं नव्हतं. पण विचित्र कॅरॅक्टर आणि 'मूळचा कोण' हा नियम एकत्र आले की असे प्रश्न आपोआप टेबलावर येतात.

आता जपायची गोष्ट.

एका सेशनमध्ये शहराच्या दाराशी पार्टी थांबली. पॅलाडिन खेळणाऱ्याने उत्साहात पहारेकऱ्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि वेताळाला विचारलं, 'नाव नको, आडनाव सांग. खाणं काय तुमचं? एकटाच राहणार का?' छान जमलं होतं त्याला, आवाजसुद्धा. वेताळ खेळणाऱ्याने फासा खाली ठेवला आणि म्हणाला, 'हे नको यार. हे मी कालच ऐकून आलोय.' तो तीन आठवडे भाड्याने खोली शोधत होता.

आम्ही तिथेच थांबलो. चहा झाला. पहारेकरी तसाच राहिला, पण प्रश्न बदलले: 'किती दिवस? कुठल्या दाराने परत जाणार?' खेळ पुढे गेला. खोली त्याला नंतर मिळाली, तो भाग वेगळा.

यातून माझं म्हणणं इतकंच. विचित्र कॅरॅक्टर घेणाऱ्या प्रत्येकाला जगाने त्याला टोचलेलं हवंच असतं असं नाही. काहींना हवं असतं. त्यांना दारात अडवलं जायचं असतं, कारण खेळात ते दार तोडता येतं. काहींना नेमकं उलटं हवं असतं: तीन तास असं जग, जिथे शेपूट असली तरी कुणी वळून बघत नाही. बाहेर आठवडाभर वळून बघतातच. दोन्ही बरोबर आहे. कोणाला काय हवंय हे अंदाजाने ठरवू नका, पहिल्या सेशनआधी विचारा. 'तुझ्या कॅरॅक्टरला लोकांनी कसं वागवलेलं तुला चालेल? काय अजिबात नको?' त्यासाठी 'लाइन्स अँड व्हेल्स', 'एक्स कार्ड' अशी साधनं आहेत, शोधा, सोपी आहेत. नाहीतर साधं बोला. आपण मराठीत 'हे नको यार' म्हणू शकतो, तेवढं पुरतं, फक्त ते म्हटल्यावर टेबल थांबलं पाहिजे.

तर पाचही जणांना विचित्र व्हायचंय म्हणणाऱ्या मित्रा, तुझ्यासाठी मी करते त्या गोष्टी भराभर सांगते.

एक. प्रत्येकाला तीन प्रश्न दे: काय खातोस, कुठे झोपतोस, कुणाचं देणं लागतोस? पंखांचा रंग नंतर. ज्याला या तिन्हींची उत्तरं देता येतात, त्याचं कॅरॅक्टर कितीही विचित्र असलं तरी चालतं. ज्याला फक्त पंख हवेत त्यालाही यातून गोष्ट सापडते.

दोन. नवे नियम लिहू नकोस. जुने नियम घे आणि त्यावर आपला रंग चढव. उडणाऱ्या कॅरॅक्टरची भीती वाटते ना? जुन्या आराकोक्राचा उडण्याचा वेग पन्नास फूट होता, २०२२च्या पुस्तकात तो चालण्याच्या वेगाइतका केलाय. तो घे. पहिल्या तीन लेव्हलना गुहा आणि बोगदे ठेव. झालं.

तीन. प्रत्येकाचा मूळ लोक शीटवर लिहून घे. बॅनिशमेंट पडला की तो कुठे जाऊन पडेल, हे आधीच माहीत हवं. आणि तिथे त्याची वाट कोण बघतंय, हेही. आमचा पॅलाडिन भूलोकात पडला तेव्हा आईच्या अंगणात पडला. आई म्हणाली, 'आता आलायस तर जेवूनच जा.' ते अख्खं सेशन जेवणावर गेलं, आणि आजवरचं सगळ्यात आवडलेलं सेशन तेच आहे.

चार. सगळे विचित्र असतील तर जगाने प्रत्येक वेळी दचकू नये. पाच जण रोज तसेच बाजारातून जात असतील तर दुकानदार चौथ्या दिवशी भावच सांगेल. दचकणं मोजून वापर.

पाच. अख्खी जमात जन्मतः दुष्ट, असं ठरवू नकोस. गिथयांकी आणि गिथझेरायची गोष्ट बघ. एकच लोक, माइंड फ्लेअर्सचे गुलाम. एकत्र उठले, सुटले, आणि सुटल्यावर पुढे काय करायचं यावर दोन तट पडले. एक तट ॲस्ट्रलमध्ये, दुसरा लिंबोमध्ये. बंडानंतरच्या भांडणाची गोष्ट आहे ती, आणि आपल्याला असल्या गोष्टी कमी माहीत आहेत का?

आपल्या मातीतलं तयार काही वाचायचं असेल तर २०२२चं 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' बघा. इथरियल जगात तरंगणारं शहर आणि त्यातून जाता येणारे वेगवेगळे देश. अजित जॉर्ज आणि वेस्ली श्नायडर यांनी तो प्रकल्प सांभाळला. त्यातलं मणिवर्षाचं साहस मिमी मोंडल यांनी लिहिलंय, त्यात नद्यांचा बंगाल दिसतो. बंगाल आला. आता आमची आरवली, आमची खाडी कोण लिहिणार? तुमच्यापैकीच कुणीतरी, मला तरी दुसरं कुणी दिसत नाही.

पुढच्या भागात मयासुराची बाजारपेठ: खालच्या लोकात पैसा कसा चालतो आणि सोन्याची नाणी मोजायचा कंटाळा कसा टाळायचा. तोवर तुमच्या टेबलावरच्या सगळ्यात विचित्र कॅरॅक्टरबद्दल व्हॉइस मेसेज पाठवा, एक मिनिटाच्या आत, आणि सुरुवात या दोन उत्तरांनी करा: तुझा लोक कुठला, आणि तुझे लोक कोण. चला, भेटू.